रिकामी खुर्ची आणि रिकामा पाट

कथालेखकांच्या हातीं वंशपरंपरेनें येणाऱ्या कांहीं वस्तु असतात. पूर्वीच्या कथांत देव्हाऱ्यांतली समई विझत असे, आरशास तडा जात असे, आणि पुढें काय होणार तें वाचकानें ओळखावें अशी अपेक्षा असे. अलीकडे मराठी कथेंत आणि रंगभूमीवर ह्या वस्तूंची जागा जेवणाच्या टेबलाशीं ठेवलेल्या एका रिकाम्या खुर्चीनें घेतली आहे. घरांतला कर्ता पुरुष वारला, मुलगा परदेशीं गेला, नवराबायकोचें बिनसलें, कीं शेवटच्या परिच्छेदांत मंडळी जेवावयास बसतात आणि लेखक हलकेच त्या खुर्चीकडे बोट दाखवितो. वाचकाचे डोळे ओले होतात. आमचेही क्वचित् झाले आहेत. परंतु एकाच युक्तीनें वारंवार रडूं येऊं लागलें म्हणजे त्या युक्तीचें कूळ शोधण्याची इच्छा टीकाकारास होणें स्वाभाविक आहे.

ही खुर्ची मूळची आपली नव्हे. इंग्रजी वाङ्मयांत ती फार जुनी आहे. शेक्सपिअरचा मॅक्बेथ मेजवानीच्या रात्रीं बसावयास येतो तेव्हां त्यास एकही जागा मोकळी दिसत नाहीं. कारण ज्याचा त्यानें घात करविला तो बँको तेथें येऊन बसलेला असतो. इतरांस जें आसन रिकामें दिसतें तें अपराध्यास भरलेलें दिसावें, ही कल्पना मागाहून आलेल्या सर्व रिकाम्या खुर्च्यांहून बलवत्तर आहे, असें आमचें मत आहे. १८७० च्या जून महिन्यांत डिकन्स वारला, त्या वेळीं ल्यूक फाइल्ड्स ह्या चित्रकारानें त्याच्या गॅड्स हिल येथील अभ्यासिकेंतलें टेबल आणि खुर्ची रेखाटली. 'रिकामी खुर्ची' ह्या नांवाचें तें चित्र फार लोकप्रिय झालें. व्हॅन गॉग त्या चित्राचा चाहता होता, आणि १८८८ मध्यें त्यानें स्वतःची व गोगँची अशा दोन रिकाम्या खुर्च्या रंगविल्या, हें चित्रकलेच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच.

जेवणाशीं ह्या रिकाम्या जागेचें नातें घट्ट जोडलें तें मात्र डिकन्सनें. १८४३ च्या 'ख्रिसमस कॅरोल'मध्यें बॉब क्रॅचिट ह्या गरीब कारकुनाच्या घरचें नाताळचें जेवण आहे. धाकटीं दोन मुलें सर्वांसाठीं खुर्च्या मांडतात आणि स्वतःच्या मांडावयास विसरत नाहींत. आई स्वतः सुरी घेऊन हंस कापते. पुडिंग आणण्याच्या वेळीं ती एकटीच आंत जाते, कारण तें फसलें असेल तर तें पाहावयास साक्षीदार नकोत. लंगडा टिम बापाला चिकटून आपल्या लहानशा स्टुलावर बसला आहे. एवढें सगळें झाल्यावर मग स्क्रूज विचारतो, हा मुलगा जगेल काय. आणि त्याला उत्तर मिळतें तें शेगडीजवळच्या एका मोकळ्या जागेचें आणि धनी नसलेल्या एका कुबडीचें. हें उत्तर अंगावर येतें, कारण आधींच्या पृष्ठांत प्रत्येकाची जागा वाचकाला पाठ झालेली असते.

हा भाग वर्गांत शिकवितांना एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें, "सर, ही बाई सगळ्यांबरोबर बसली, मग वाढलें कोणीं?" वर्ग हंसला. प्रश्न मात्र हंसण्यासारखा नव्हता, आणि प्रस्तुत लेख त्या प्रश्नानेंच लिहविला आहे असें म्हटलें तरी चालेल.

सहभोजनाच्या टेबलाची परमावधि ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं थॉर्नटन वाइल्डर ह्या अमेरिकन नाटककाराची 'द लाँग ख्रिसमस डिनर' ही १९३१ सालची एकांकिका वाचावी. बेयर्ड नांवाच्या कुटुंबाचीं नव्वद वर्षांचीं नाताळचीं जेवणें तींत पडदा न पाडतां एकापाठोपाठ एक होऊन जातात. रंगमंचावर एक लांब टेबल. एका बाजूस फळाफुलांनीं सजविलेली कमान, ती जन्माची. दुसऱ्या बाजूस काळ्या मखमलीची, ती मृत्यूची. पात्रें नसलेले कांटेचमचे हालवून नसलेलें अन्न खातात, मध्येंच पांढऱ्या केसांचा टोप डोक्यावर चढवितात, आणि एखादें पात्र बोलतां बोलतां उठून काळ्या कमानींतून निघून जातें. पहिल्या कमानींतून दाईबरोबर बाळें येतात. त्यांतील एक तर टेबलाशीं न थांबतां थेट पलीकडे नेलें जातें. तरी जेवण चालूच. पक्ष्याच्या मांसाचा कोणता भाग वाढूं हा प्रश्न, बाहेर फांद्यांवर गोठलेल्या बर्फाचें कौतुक, हीं तींच बोलणीं पिढ्यानुपिढ्या निराळ्या तोंडीं येतात, आणि प्रत्येकाला वाटतें कीं तीं आपल्यालाच प्रथम सुचलीं. वाइल्डरला खुर्चीकडे बोट दाखवावें लागत नाहीं. खुर्ची रिकामी होते, भरते, पुन्हा रिकामी होते. शेवटीं एर्मेनगार्ड ही एकटी वृद्ध नातलग त्या लांब टेबलाशीं उरते. नव्या घरांत नवें टेबल भरलें असल्याचें पत्र ती वाचते, आणि तीही उठून जाते. ह्या उत्कृष्ट कृतींतही चाकरमाणसें मात्र बहुतेक मुकींच आहेत, आणि त्यांच्या मरणास कमान नाहीं. वाढलें कोणीं, ह्या प्रश्नाचें उत्तर बेयर्डांच्या घरीं पगार देऊन मिटविलेलें आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. टेबल येण्यापूर्वींच्या मध्यमवर्गीय मराठी घरांत जेवणाची जागा अशी नव्हतीच. जागा वेळेपुरती होत असे. पाट मांडावयाचे, पानें घ्यावयाचीं, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्यें भात. सणावारीं पानाभोवतीं रांगोळी. पुरुष आणि मुलें पहिल्या पंगतीस, बायका मागाहून. जेवणें उरकलीं कीं पाट उचलले, उष्टीं काढलीं, शेणगोळा फिरविला, आणि घटकेपूर्वीं जेथें दहा माणसें जेवलीं तेथें नुसती ओली जमीन उरली. घरांतलें एक माणूस कमी झालें तर एक पाट कमी मांडावयाचा. पंगत सरकून आपोआप जुळते. वडिलांचा पाट तेवढा ठरलेला असे. त्यांच्या पश्चात् त्यावर थोरल्या मुलानें केव्हांपासून बसावें ह्याचा संकोच पुष्कळ घरांनीं अनुभविला असेल. परंतु तो पाट रिकामा मांडून ठेवावयाचा नसतो. तसें करणें अशुभ.

गेलेल्या माणसास आपल्याकडे जागाच नाहीं असें मात्र नव्हे. तिला तिथि नेमून दिलेली आहे. श्राद्धाच्या दिवशीं पिता, पितामह, प्रपितामह ह्यांच्या नांवें ब्राह्मण बसतात, पान वाढून बाहेर ठेवतात, आणि सारें घर भुकेल्या पोटीं कावळ्याची वाट पाहतें. रोजच्या जेवणांत रिकामेपण शिरूं द्यावयाचें नाहीं, आणि वर्षांतून एक दिवस तें विधिपूर्वक पुढें घेऊन बसावयाचें, अशी ही योजना आहे. ती शहाणपणाची आहे असें आम्ही म्हणतों. मात्र ती पंगतींत बसणारांसाठीं आहे.

कारण ह्या व्यवस्थेंत वाढणारी कोठें बसे? ती बसतच नसे. ती चुलीपाशीं असे, वांकलेली असे, हातांत भातवाढी किंवा तुपाचें भांडें घेऊन उभी असे. सर्वांचें झाल्यावर ती बहुधा नवऱ्याच्या उष्ट्या पानावर बसे आणि उरलें असेल तें जेवे. केशवपन झालेली विधवा असली तर दिवसांतून एकदां, सोवळ्यांत, कोपऱ्यांत. अशा स्त्रीच्या मरणानें पंगतींतला एकही पाट रिकामा होत नाहीं! पुढें भाद्रपद वद्य नवमीस, म्हणजे अविधवा नवमीस, सवाष्णपणीं वारलेल्या स्त्रीच्या नांवें दुसऱ्या सवाष्णीस बोलावितात, पाटावर बसवितात, ओटी भरतात, आग्रहानें वाढतात. जिला जन्मभर पहिल्या पंगतीचा पाट मिळाला नाहीं तिला तो मेल्यावर, आणि तोही दुसरीच्या देहानें मिळतो. शास्त्राचा उपहास करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ह्या विधींत घराचा कांहीं ओशाळेपणा लपलेला आहे, असें आम्हांस नेहमी वाटत आलें आहे.

मराठी वाङ्मयांत ही गोष्ट साने गुरुजींइतकी सहजपणें कोणास साधली असेल असें वाटत नाहीं. 'श्यामची आई' त्यांनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिली, आणि ती १९३५ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्या भाबडेपणाविषयीं टीकाकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे, व त्यांतील बरेंच आम्हांस मान्यही आहे. अश्रूंचा खर्च त्या पुस्तकांत हात राखून झालेला नाहीं. परंतु त्यांतील 'अळणी भाजी' हें प्रकरण घ्या. आई भाजींत मीठ घालावयास विसरते. वडील जेवतात, भाजी अळणी आहे असें म्हणत नाहींत. ते बोलले नाहींत म्हणून मुलेंही बोलत नाहींत. सर्वांचें झाल्यावर आई जेवावयास बसते, आणि घास तोंडांत घातल्यावर तिला तें कळतें.

बहुतेक वाचक ह्या प्रकरणांतून वडिलांच्या संयमाचा धडा घेतात, आणि गुरुजींच्याही मनांत तोच असावा. आम्हांस त्याहून मोठी वाटते ती गोष्टीची ठेवण. ही गोष्ट घडूं शकते ती आई पंगतींत नाहीं म्हणून. ती बरोबर बसली असती तर पहिल्याच घासास चूक उघड झाली असती, मिठाचें भांडें पुढें आलें असतें, आणि सांगण्यासारखें कांहीं उरलें नसतें. इतरांचा पहिला घास आणि तिचा पहिला घास ह्यांमध्यें जें अंतर आहे त्यांत नवऱ्याचें प्रेम, मुलांचा धाक आणि तिचें एकटेपण हीं सर्व मावलीं आहेत. आपल्याला सांभाळून घेतलें गेलें, हें तिला कळतें तें सर्वजण हात धुवून उठून गेल्यावर.  येथें रिकाम्या आहेत त्या जिवंत माणसांच्या जागा, आणि त्यांच्यासमोर बसून एक बाई अळणी भाजी खाते आहे. डिकन्सच्या चित्राची ही नेमकी उलटी बाजू, आणि ती गुरुजींनीं कोणत्याही खुर्चीवांचून चिमूटभर मिठानें दाखविली.

रिकाम्या जागेचा दुसरा अस्सल मराठी प्रकार लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें'त आहे. १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेल्या ह्या आत्मचरित्राच्या आरंभीं लेखिकेनें आपल्या वडिलांच्या सोवळ्याचें जें वर्णन केलें आहे तें वाचून हंसूं आवरत नाहीं. पुढें तेंच सोवळें तिच्या संसाराच्या आड येतें. १८९५ मध्यें नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि हयात असलेला, बायकोवर माया करणारा नवरा एका दिवसांत पंगतीबाहेर गेला. तो वारला असता तर त्याला तिथि मिळाली असती. जिवंत असल्यामुळें कांहींच मिळेना. लक्ष्मीबाईंनीं कांहीं वर्षें त्याच्यापासून दूर, नातलगांत काढलीं. पुढें त्याच्याकडे राहावयास गेल्यावरही आरंभीं त्यांनीं आपलें सोवळें आणि आपली चूल निराळी ठेवली. एका छपराखालीं दोन चुली! १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. ह्या मधल्या काळाविषयीं लिहितांना लेखिका गळा काढीत नाहीं. कोणाच्या हातचें पाणी चालतें व कोणाच्या हातचें चालत नाहीं अशा बारीकसारीक गोष्टी ती हंसतखेळत सांगते, आणि एका पंगतीस बसणें ह्या साध्या कृतीची किंमत वाचकाच्या ध्यानीं येते. इतकी संयमी लेखणी आमच्या पदवीधर कथालेखकांपैकीं थोड्यांच्याच हातीं आहे.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्याच पंगतीच्या दाराबाहेर, अंगणाच्या टोकाशीं, उष्ट्याची वाट पाहत बसलेलीं माणसें होतीं. त्यांच्या दृष्टीनें ह्या लेखांतला प्रत्येक पाट, भरलेला काय अन् रिकामा काय, सारखाच. ओमप्रकाश वाल्मीकि ह्यांनीं १९९७ सालच्या आपल्या हिंदी आत्मचरित्रास 'जूठन' हेंच नांव दिलें. त्या वाङ्मयाचा विचार स्वतंत्रपणें झाला पाहिजे; मध्यमवर्गाची पंगत हीच सगळ्या समाजाची पंगत असा समज होऊं नये, एवढ्यासाठींच हा उल्लेख.

कोंकणांतल्या घरांनीं तर रिकामी जागा ही रीत म्हणूनच स्वीकारली होती. पुरुष मुंबईस गिरणींत, त्यांचें जेवण गिरणगांवांतल्या एखाद्या बाईच्या खानावळींत. गांवीं बायका, मुलें आणि म्हातारीं. गणपतीला आणि शिमग्याला काय ते पाट भरत. दूर असलेल्या माणसाची वाट पाहण्याचें आपलें वाङ्मय छापील पुस्तकांत थोडें आणि जात्यावरच्या ओव्यांत पुष्कळ आहे. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन'मध्यें अशा ओव्या संग्रहिल्या. पुढें हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ ह्यांच्या परिश्रमानें खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. भाऊ येणार, त्याला पाट कोणता, ताट कोणतें, वाढावयाचें काय, ह्याचें कौतुक ओव्यांत कितीतरी वेळां येतें. गाणारीनें स्वतः कोठें बसून काय खाल्लें, ह्याविषयीं आमच्या वाचनांत फारच क्वचित् कांहीं आलें आहे.

अलीकडच्या नाट्यकृतींत महेश एलकुंचवार ह्यांचें 'वाडा चिरेबंदी' (१९८५) आम्हांस ह्या दृष्टीनें विशेष वाटतें. विदर्भांतील धरणगांवच्या देशपांड्यांचा कर्ता पुरुष वारला आहे, मुंबईचा मुलगा आला आहे, आणि तेराव्याचा खर्च कोणीं व कसा करावयाचा ह्यावरून घर ढवळून निघतें. एखाद्या सामान्य नाटककारानें तात्याजींची आरामखुर्ची मध्यभागीं मांडून तिच्यावर दिव्याचा झोत सोडला असता आणि टाळ्या घेतल्या असत्या. एलकुंचवारांस आपला समाज ठाऊक आहे. गेलेल्या पुरुषाची जागा गांव खुर्चीवरून मोजीत नाहीं. त्याच्या नांवें किती पानें उठलीं ह्यावरून मोजतो. ही मोजणी ज्यांस परवडेनाशी झाली, पण सोडवतही नाहीं, अशा माणसांचें तें नाटक आहे. आणि म्हणूनच त्यांतला मृत्यु आपल्या मातीचा वाटतो.

आतां टेबल आलें आहे. चार किंवा सहा खुर्च्या, प्रत्येकाची ठरून गेलेली जागा, रात्रीं तरी सर्वांनीं एकत्र जेवावें असा घरोघर निदान बोलून दाखविलेला आग्रह. म्हणजे डिकन्सच्या युक्तीस लागणारी सर्व सामग्री आपल्या घरांत आहे. मग आजच्या कथालेखकांनीं ती वापरली तर आमची तक्रार कां? तक्रार अशी कीं ते खुर्ची तेवढी आणतात. क्रॅचिटचें जेवण आणीत नाहींत. कोण कोठें बसतें, कोणाला आमटी ताटांत नको वाटींतच हवी, कोण ताक पिऊन झाल्यावरही गप्पांसाठीं उष्ट्या हातानें बसून राहतें, ह्याचा कथेंत आधीं पत्ता नसतो. शेवटीं एकदम खुर्ची. जी जागा भरलेली आम्हीं पाहिलीच नाहीं ती रिकामी झाल्याचें दुःख आम्हीं कोठून आणावें?

दुसरें असें कीं परदेशीं गेलेल्या मुलाची खुर्ची मेलेल्या बापाच्या खुर्चीच्याच सुरांत गाइली जाते. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. उन्हाळ्यांत पुण्यास रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हां कॅलिफोर्नियांत सकाळचे आठ झालेले असतात. इकडे आईबाप जेवतात, तिकडे मुलगा कॉफी पितो, आणि लोणच्याच्या बरणीस टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून तो टेबलावर हजर असतो. आज काय केलें आहे तें दाखवावयास आई वाटी उचलून त्याच्यापुढें धरते, तो 'वा!' म्हणतो, आणि त्याच क्षणीं चित्र गोठून बसतें. ही जागा रिकामीही नाहीं आणि भरलेलीही नाहीं. तिच्यासाठीं श्राद्धाची तिथि नाहीं, आणि चाकरमान्यासारखा शिमगाही नाहीं. तींत दुःखाबरोबर विनोदही भरपूर आहे. वाइल्डरला तो दिसला असता. आमच्या लेखकांस अद्यापि तींत केवळ वियोगच दिसतो.

राहिला त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. सहा खुर्च्यांत आतां बाईचीही एक खुर्ची असते. बहुधा स्वयंपाकघराच्या दाराजवळची. परंतु फुलका तव्यावरून थेट ताटांत पडावयास हवा असतो, म्हणून ती ओट्यापाशीं उभी असते. "अग, तूं बस ना आतां," असें सर्वजण म्हणतात, आणि म्हणतांना पुढच्या फुलक्यासाठीं ताट पुढें करतात. कथेंत रिकामी खुर्ची हवीच असेल तर ही आहे. हिच्यासाठीं कोणी मरावें लागत नाहीं, कोणी परदेशीं जावें लागत नाहीं. घरांतलीं सर्व माणसें समोर बसलेलीं असतात, आणि त्या खुर्चीच्या पाठीवर हात पुसण्याचा एक टॉवेल वाळत घातलेला असतो.